आजी अचानक बरळायला लागली, माणसं ओळखेना: दवाखान्यातला ‘डिलिरियम’ म्हणजे काय आणि त्याचा भुर्दंड घराला कसा बसतो?

घरात पाय घसरून आजी पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. तालुक्याहून जिल्ह्याच्या दवाखान्यात हलवलं. ऑपरेशन नीट झालं. त्या दिवशी आजी बोलल्या, दोन घोट चहा घेतला, गुरांना चारा कोण घालतंय ते विचारलं. दुसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला मात्र त्यांनी सलाईनची सुई उपसून टाकली. ‘म्हशीला पाणी पाजायचंय, दार उघडा’ म्हणत मोडक्या पायावर पलंगावरून उतरायला लागल्या. लेकाला ओळखेनात. सुनेकडे बोट दाखवून म्हणाल्या, ‘हिनं माझ्या चहात काहीतरी कालवलंय.’ सकाळी गुंगीत. दुपारी बऱ्यापैकी शहाण्यासारख्या. दिवस मावळला की पुन्हा तेच.

नाव-गाव बदललं तर हा प्रसंग जिल्ह्यातल्या कितीतरी घरांना आपलाच वाटेल. अशा वेळी खाटेभोवती जमलेल्यांची मतंही ठरलेली असतात. कुणी म्हणतं भूल जास्त झाली, कुणी म्हणतं म्हातारचळ लागलं, कुणी दवाखान्यातली हवा लागली म्हणून गावाकडून अंगारा मागवतं. जुनी माणसं मात्र ‘वात झालाय’ म्हणतात. तापाच्या ग्लानीत माणूस बरळायला लागला की हाच शब्द वापरायचे. या सगळ्यांत खऱ्याच्या त्यातल्या त्यात जवळ जातो तो हाच शब्द. कारण आजार शरीरात आहे आणि त्याची झळ मेंदूला बसली आहे, एवढं तरी त्यात मान्य केलेलं असतं.

डॉक्टरांच्या कागदावर याला डिलिरियम म्हणतात. मराठीत संभ्रमावस्था म्हणता येईल. वयस्कर माणूस आजारपणामुळे वॉर्डात दाखल झाला तर साधारण चार-पाच जणांमागे एकाला हा त्रास होतो, असं जगभरातल्या अभ्यासांतून दिसतं. खुब्याच्या ऑपरेशननंतर प्रमाण त्याहून वाढतं. आयसीयूत व्हेंटिलेटरवर असलेल्यांत ते निम्म्याच्याही वर जाऊ शकतं. म्हणजे हा काही लाखात एखाद्याला होणारा आजार नाही. तरीही बहुतेक घरांनी हा शब्द ऐकलेला नसतो.

मोटर जळालेली नाही, व्होल्टेज पडलंय

विहिरीवरची मोटर चालेनाशी झाली की शेतकरी आधी काय बघतो? मोटर जळाली की व्होल्टेज पडलंय. दोन्हीत पाणी येत नाही, पण दोन्हींचा इलाज वेगळा. म्हातारपणी हळूहळू वाढत जाणारा विसरभोळेपणा, ज्याला डिमेन्शिया म्हणतात, तो मोटर झिजण्यासारखा. त्याला महिने, वर्षं लागतात. डिलिरियम म्हणजे व्होल्टेज पडणं. तो काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत येतो, दिवसातून कमी-जास्त होतो, आणि कारण सापडून दूर झालं तर बहुतेकदा उतरतो.

ओळखायची मुख्य खूण आहे लक्ष. अशा माणसाचं लक्ष एका जागी टिकत नाही. प्रश्न विचारला की उत्तराच्या मध्येच धागा सुटतो, नजर भिरभिरते. जागा, वेळ, माणसं यांचा गोंधळ होतो. भिंतीवर मुंग्या दिसतात, मेलेला भाऊ दाराशी उभा दिसतो.

आरडाओरडा करणारा रुग्ण सगळ्यांच्या लक्षात येतो. गप्प राहणारा येत नाही, आणि धोका तिथेच जास्त आहे. डिलिरियमचा दुसरा प्रकार असा की माणूस नुसता पडून राहतो. हाक मारली तर डोळे उघडतो, परत मिटतो. घास तोंडात तसाच धरून ठेवतो. घरचे म्हणतात, ‘थकलेत, झोपू द्या.’ शेजारच्या खाटेवरचे म्हणतात, ‘तुमचे आजोबा किती शांत आहेत.’ अशा रुग्णांचा डिलिरियम सगळ्यात जास्त नजरेतून सुटतो आणि तोवर आतला जंतुसंसर्ग वाढत राहतो.

डॉक्टरांकडे यासाठी छोट्या चाचण्या आहेत. त्यातली एक ब्रिटनमध्ये तयार झाली, तिला ‘फोर-एटी’ म्हणतात आणि ती दोन-चार मिनिटांत होते. वय काय, जन्मतारीख काय, आत्ता कुठे आहात, साल कोणतं, आणि वर्षाचे महिने उलटे म्हणून दाखवा. आपल्याकडे त्यात एक गंमत होते. गावाकडच्या कितीतरी आजी-आजोबांची आधारवरची जन्मतारीख १ जून नाहीतर १ जानेवारी असते आणि तीही त्यांना पाठ नसते. ते धडधाकट असतानाही या प्रश्नात नापास होतील. म्हणून महिन्यांऐवजी वार उलटे म्हणायला सांगता येतात: रविवार, शनिवार, शुक्रवार. आणि खरी मोजपट्टी ही की परवापर्यंत हे माणूस कसं होतं. ते राऊंडला आलेल्या डॉक्टरांना माहीत नसतं, खाटेशी बसलेल्या लेकीला माहीत असतं. ‘आमची आई अशी नव्हती, कालपासून बदललीय’ हे तिचं एक वाक्य तपासणीइतकंच कामाचं आहे.

होतं कशामुळे?

कारण क्वचितच एक असतं. वय झालेलं, आधीच थोडा विसरभोळेपणा, कमी ऐकू येणं, अंगात रक्त कमी. अशा माणसावर एकदम ऑपरेशन, ताप, न्यूमोनिया, लघवीचा जंतुसंसर्ग यांपैकी काहीतरी येऊन पडतं. पाणी कमी पडणं आणि रक्तातलं सोडियम उतरणं ही उन्हाळ्यातली नेहमीची जोडी. मधुमेही माणसाची साखर खाली गेली तरी तो असाच बरळतो. तिथे मिनिटांचा प्रश्न असतो, म्हणून साखर तपासायला लगेच सांगावं. बाकी कारणं इतकी साधी की विश्वास बसत नाही: चार दिवस पोट साफ नाही, लघवी तुंबली आहे, वेदना आहे पण सांगता येत नाही, तीन रात्री झोप नाही, चष्मा घरी राहिला.

औषधांचाही वाटा असतो. झोपेच्या गोळ्या, सर्दी-खोकल्यावरची गुंगी आणणारी काही औषधं, लघवी आवरत नाही म्हणून दिलेल्या काही गोळ्या, काही तीव्र वेदनाशामकं म्हाताऱ्या मेंदूला झेपत नाहीत. उलटही होतं. वर्षानुवर्षं रोज घेतलेली झोपेची गोळी दवाखान्यात अचानक बंद झाली तरी डिलिरियम होतो. कपाशीच्या पट्ट्यात आणखी एक चित्र दिसतं. फवारणीच्या विषबाधेत अ‍ॅट्रोपीन नावाचं इंजेक्शन द्यावं लागतं, त्याने जीव वाचतो. पण त्याचं प्रमाण वाढलं की रुग्ण हवेत हात मारतो, तोंड कोरडं पडतं, अंग तापतं. तिथे वय तरुण असलं तरी भ्रम होतो. म्हणून विषबाधेचा रुग्ण बडबडायला लागला की ‘विष डोक्यात गेलं’ म्हणून गप्प न बसता सिस्टरना सांगावं.

आणि दारू. याबद्दल घरचे खोटं बोलतात, इज्जतीपोटी. रोज पिणारा माणूस पाय मोडून दाखल झाला, की त्याची दारू त्या क्षणापासून बंद. एक-दोन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो. साधारण दोन ते चार दिवसांत जोराचा भ्रम होऊ शकतो, झटकेही येऊ शकतात. उपचार झाले नाहीत तर यात माणूस दगावतो. आधी कळलं तर औषधांनी आणि बी-१ जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनने बराचसा टाळता येतो. दाखल करतानाच डॉक्टरांना बाजूला घेऊन किती आणि किती वर्षं ते खरं सांगून टाकावं. तंबाखू, मिश्रीचंही सांगावं. बायकांच्या मिश्रीबद्दल तर कुणी विचारतच नाही.

बिलात न दिसणारा खर्च

अमेरिकेत शेरॉन इनोये या डॉक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये याचा हिशोब मांडला. डिलिरियम झालेल्या दर रुग्णामागे वर्षाला १६ हजार ते ६४ हजार डॉलर जादा खर्च येतो आणि सगळ्या देशाचा मिळून आकडा ३८ अब्ज ते १५२ अब्ज डॉलर होतो, असा तो अंदाज होता. आकड्यात एवढा फरक कारण काय-काय मोजायचं यावर तो ठरतो. वाढलेले दवाखान्याचे दिवस, पुन्हा दाखल होणं, नंतरची शुश्रूषा. हे सगळं तिथे विमा कंपनी नाहीतर सरकारच्या वहीत चढतं.

आपल्याकडे ते घराच्या वहीत चढतं, तेही सुट्टं-सुट्टं, म्हणून एकदम दिसत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसणारा उपचार मोफत होतो. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. ही मोठी सोय आहे, कार्ड काढलं नसेल तर काढून ठेवावं. पण खाटेशी बसणाऱ्याचा बुडालेला रोज कुठल्याच पॅकेजात धरलेला नाही.

हिशोब करून बघा. साधं ऑपरेशन झालेल्या माणसाशेजारी एक जण बसला तरी भागतं. डिलिरियम झालेल्याला रात्री एकटं सोडता येत नाही, म्हणून दोन माणसं लागतात, एक दिवसपाळीला, एक रात्रपाळीला. समजा मुक्काम सहा दिवसांनी वाढला. रोजगार हमीचा २०२५-२६ चा महाराष्ट्रातला दर ३१२ रुपये आहे, तोच धरला तरी दोघांचे १२ रोज, म्हणजे ३,७४४ रुपये गेले. पेरणी नाहीतर ऊसतोडीच्या हंगामात रोज याहून जास्तीचा जातो. त्यात डबा, चहा, डायपर, गावाकडच्या फेऱ्या मिळवा. एसटीत बाईमाणसाला अर्धं तिकीट आहे, ७५ च्या पुढच्यांना फुकट आहे, पण रात्री अकराला ‘लवकर या’ असा फोन आला की एसटी नसते, गाडी सांगावी लागते.

हा झाला हातात मोजता येणारा खर्च. घरी म्हशीची धार काढायला माणूस नसतं, डेअरीला दूध जात नाही. शाळेतली मोठी मुलगी धाकट्यांना सांभाळायला घरी बसते. शेजाऱ्याकडून हातउसने घेतलेले पैसे फेडायला शेळी विकली जाते. यातलं काहीच ‘आजारपणाचा खर्च’ म्हणून कुणी लिहीत नाही.

घात तर पुढेच होतो. भ्रमात उठलेला रुग्ण पडतो, ऑपरेशन केलेला पाय पुन्हा दुखावतो. सुई उपसली की पुन्हा टोचाटोची, नळी ओढली की रक्त. पडून राहिल्याने पाठीला जखमा होतात. डिलिरियम झालेल्या वयस्कर माणसांत पुढच्या काळात स्मृतिभ्रंश आणि मृत्यू यांचं प्रमाण न झालेल्यांपेक्षा जास्त असतं, हे बऱ्याच देशांतल्या अभ्यासांत पुन्हा-पुन्हा दिसलंय. म्हणून ‘दोन दिवस बडबडल्या, मग बऱ्या झाल्या’ एवढ्यावर हे सोडून देण्यासारखं नाही.

नात्यांत पडलेली गाठ

‘हिनं चहात काहीतरी कालवलंय.’ वाक्य दहा शब्दांचंही नाही. पण वॉर्डात चार नातेवाईक उभे असतात, ते ऐकतात, आणि गावात पोचेपर्यंत त्याची गोष्ट होते. जिनं सात रात्री जागून काढल्या, तिच्यावरच बोट. आजी बऱ्या होऊन घरी येतात, सुनेच्या मनात मात्र ते वाक्य राहतं. डिलिरियममध्ये संशय येणं, कुणीतरी मारायला उठलंय असं वाटणं हे आजाराचं लक्षण आहे, जसं तापात अंग गरम लागतं. ‘मनात होतं तेच तोंडातून आलं’ हा समज चुकीचा आहे.

त्रास रुग्णालाही होतो. न्यूयॉर्कमधल्या कॅन्सर रुग्णांचा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. डिलिरियममधून बाहेर आलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना तेव्हाचं आठवत होतं, आणि त्या आठवणीचा त्रासही होत होता. शेजारी बसलेल्या नवऱ्याला किंवा बायकोला झालेला मनस्ताप तर रुग्णाहूनही जास्त निघाला. आपल्याकडे आजोबा नंतर कुणाशी बोलत नाहीत, बाहेर ओट्यावर बसत नाहीत, त्यामागे ही लाज असू शकते. मी कपडे फाडले, मी शिव्या दिल्या. त्यांना एकदा नीट सांगितलं की तो आजार होता, तर बरंच ओझं उतरतं.

बाहेरचं बघण्याचं म्हणाल तर अंगाऱ्याने कुणाचं नुकसान होत नाही, उशिराने होतं. देवऋषाकडे नेण्यासाठी अर्ध्या उपचारातून डिस्चार्ज मागणारी कुटुंबं असतात, आणि तेवढ्या वेळात न्यूमोनिया फुप्फुसभर पसरतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने सरळ गुन्हा आहे.

खाटेवर घेतलेला अंगठा

एक गोष्ट दवाखान्यात कुणी बोलत नाही, पण गावात सगळ्यांना ठाऊक असते. म्हाताऱ्याचा भरवसा नाही असं दिसलं की कुणीतरी कागद घेऊन येतं. बक्षीसपत्र, हक्कसोड, बँकेचा फॉर्म. रुग्ण ‘हो’ म्हणतो, अंगठा उठतो. डिलिरियममधला माणूस दुपारी दोन तास शहाण्यासारखा बोलतो, त्यामुळे पाहणाऱ्याला सगळं ठीकच वाटतं.

कायदा इथे आश्चर्य वाटावं इतका स्पष्ट आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातलं कलम १२ करार करणाऱ्याचं मन ठिकाणावर असलं पाहिजे असं सांगतं, आणि तिथे उदाहरणच दिलंय ते तापामुळे भ्रम झालेल्या माणसाचं. तो भ्रम असेपर्यंत त्याला करार करता येत नाही. दीडशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांनाही ही अवस्था माहीत होती. अशा काळात घेतलेला अंगठा पुढे कोर्टात गेला की केस पेपरवर त्या दिवशी ‘डिलिरियम’ लिहिलंय का, यावर भावाभावांतला दावा फिरू शकतो. म्हणून घाई असो-नसो, असे व्यवहार माणूस शुद्धीवर, घरी आल्यावरच करावेत.

येलमधले स्वयंसेवक आणि आपल्या लेकी-सुना

आता यातली आशेची बाजू. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या दवाखान्यात ७० वर्षांवरच्या ८५२ रुग्णांवर एक अभ्यास झाला, तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्या रुग्णांना नेहमीचे उपचार. बाकीच्यांना तेच उपचार, शिवाय काही साध्या गोष्टी: रोज गप्पा मारून दिवस-वार-जागा सांगणं, पाणी प्यायला लावणं, चष्मा आणि कानाचं मशीन लावून देणं, उठवून चालवणं, रात्री गोळीऐवजी कोमट पेय, पाठ चोळणं आणि शांतता. नेहमीच्या उपचारांत १०० पैकी १५ जणांना डिलिरियम झाला, दुसऱ्या गटात साधारण १० जणांना. नवीन औषध नाही, महागडं मशीन नाही.

गंमत अशी की तिथे या कामासाठी स्वयंसेवक शिकवून उभे करावे लागले. आपल्याकडे ते माणूस आधीच खाटेशी बसलेलं असतं, स्टुलावर, नाहीतर खाली चटईवर. फक्त त्याला कुणी सांगत नाही की तू नुसतं सोबतीला नाहीस, तू उपचार करतोयस. आयसीयूच्या बाहेर दिवसदिवस ताटकळणाऱ्या नातेवाईकाला रोज थोडा वेळ ठरवून आत सोडलं, तर रुग्णाचंही भलं आणि आतल्या स्टाफचंही. ही मागणी नम्रपणे करायला हरकत नाही.

मग खाटेशी बसणाऱ्याने नेमकं काय करायचं? घरून येताना चष्मा, कानाचं मशीन, दाताची कवळी आठवणीने आणायची. या तीन वस्तू विसरल्या जातात कारण घाई असते. शक्यतो एकच ओळखीचं माणूस रात्री थांबावं. रोज नवा पाहुणा भेटायला आणि दहा जण एकदम बोलायला, हे टाळलेलं बरं. सकाळी पडदा उघडायचा, वार सांगायचा, ‘आई, आपण दवाखान्यात आहोत, पायाचं ऑपरेशन झालंय, मी तुझ्याजवळ आहे’ हे दहादा लागलं तर दहादा सांगायचं. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर थोडं-थोडं पाणी. भरवायचं ते बसवून आणि पूर्ण जागं असतानाच, गुंगीत घास दिला तर ठसका लागून तो फुप्फुसात जातो. पोट साफ झालं का, लघवी झाली का याचा हिशोब ठेवायचा आणि सिस्टरना सांगायचा. लघवीची नळी अजून लागणार आहे का, हे रोज विचारायचं. रात्री मोबाइलवरचे व्हिडिओ बंद. शेजारच्या खाटेवाल्यालाही हे सांगावं लागेल, थोडं वाईट दिसेल, पण सांगावं.

भ्रमातल्या माणसाशी वाद घालू नये. ‘कुठली म्हैस? म्हैस घरी आहे, गप्प झोप’ म्हटलं की ती अजून चिडते. ‘म्हशीला धाकट्याने पाणी पाजलंय, तू आता टेक’ म्हटलं तर बऱ्याचदा टेकते.

‘सिस्टर, इंजेक्शन देऊन झोपवा हिला’, ही नातेवाईकांची हमखास मागणी. रात्रपाळीला एका सिस्टरकडे वॉर्डभर पेशंट असतात, त्यामुळे तिलाही तो मार्ग सोपा वाटतो, आणि त्यात तिला दोष देता येत नाही. पण २०१८ मध्ये अमेरिकेतल्या आयसीयूंत झालेल्या मोठ्या चाचणीत हॅलोपेरिडॉल हे यासाठी सर्रास वापरलं जाणारं औषध दिलेल्यांचा डिलिरियम न दिलेल्यांपेक्षा लवकर उतरला नाही. रुग्ण स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करेल अशी वेळ आली तर औषध लागतं, ते डॉक्टर ठरवतात. नुसतं शांत दिसावं म्हणून नको. हातपाय बांधण्याचंही तसंच. बांधलेलं माणूस जास्त झटापट करतं. बांधणं टळत नसेल तर किती वेळ आणि का, हे विचारायचा घरच्यांना हक्क आहे. कुणी शेजारी हात धरून बसलं तर बहुतेक वेळा बांधावं लागत नाही.

डॉक्टरांना काय सांगायचं, आणि घरी आल्यावर

राऊंडची वेळ दोन-तीन मिनिटांची असते. तेवढ्यात ‘आजी बरोबर नाहीत’ म्हणून काही हाती लागत नाही. असं सांगावं: ‘परवापर्यंत नीट होत्या. काल रात्रीपासून माणसं ओळखत नाहीत. दिवसा बऱ्या, रात्री जास्त. चार दिवस शौचाला झालेली नाही. घरी या-या गोळ्या चालू होत्या.’ घरच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्यावीत, गावातल्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेतलेली आणि आयुर्वेदिक पुड्याही. आणि सरळ विचारावं, ‘डॉक्टर, हा डिलिरियम आहे का? कारण काय असेल?’ शब्द माहीत असलेला नातेवाईक समोर आला की उत्तरही वेगळं मिळतं.

हाच प्रकार घरी झाला, म्हणजे म्हातारं माणूस एका दिवसात अचानक बदललं, तर ते वय म्हणून सोडू नये. एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं जड झालं तर तो पक्षाघात असू शकतो, तिथे क्षणाचाही उशीर नको. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका मागवावी.

घरी सोडल्यावर सगळं लगेच जागेवर येतं असं नाही. काहींना दोन दिवसांत पूर्ण शुद्ध येते, काहींना आठवडे, महिनेही लागतात. त्या काळात चूल, मोटरचं बटण, गोळ्यांचा डबा यांची जबाबदारी त्यांच्यावर टाकू नये. महिन्याभरानंतरही आठवणीची तक्रार राहिली तर पुन्हा दाखवावं. आणि दवाखान्यातून निघताना डिस्चार्ज कार्डावर ‘डिलिरियम झाला होता’ हे लिहून मागावं. कारण एकदा झालेल्या माणसाला पुढच्या आजारपणात तो पुन्हा होण्याची शक्यता जास्त असते. दोन वर्षांनी मोतीबिंदूसाठी नाहीतर तापासाठी नव्या डॉक्टरांकडे जाल, तेव्हा तो कागद फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवा.